एका छातीचे दोन फोटो

माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली एक मोठा खाकी लिफाफा आहे. त्यात माझ्या छातीचे दोन फोटो आहेत. लग्नातला एकही फोटो आमच्याकडे नाही, कारण सांगून ठेवलेला फोटोवाला त्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला गेला. छातीचे मात्र दोन आहेत. उजेडाकडे धरले की बरगड्या दिसतात, मधे काळीज असावं असा पांढुरका गोळा दिसतो. एका फोटोच्या कोपऱ्यात हौसा असं नाव आहे, दुसऱ्याच्या कोपऱ्यात सुनंदा. दोन्ही मीच.

मी आता गावात बालवाडी चालवते. पोरांना सोडायला आलेल्या बायांपैकी एखादी मागे रेंगाळते, इकडेतिकडे बघते आणि विचारते, "बाई, तुमाला त्यो रोग झाल्ता म्हणं?" त्यो रोग म्हणजे क्षय. नाव घ्यायला अजून सगळे भितात. मी म्हणते, झाला होता आणि गेला. मग ती पदर तोंडाशी धरून आपल्या घरातलं सांगायला लागते. औषधाचं काय ते डॉक्टर सांगतील. मला सांगायचंय ते कागदांचं, कारण औषधानं बरी झालेली मी कागदानं पुन्हा आजारी पडले होते.

कडकी

माझं माहेर तासगावकडचं. तिथं मी हौसा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि तेव्हापासून इस्लामपूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यातल्या सासरी मी सुनंदा झाले. आमच्याकडे हे इतकं सरसकट चालतं की कुणाला त्यात काही वाटत नाही. माहेरी मला कुणी सुनंदा म्हणत नाही, सासरी हौसा कुणाला माहीतही नसते. नवरा फौजेत, दोन-दोन वर्षं त्याला सुट्टी मिळायची नाही. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मी, आणि माझी रंजी.

दुष्काळ ओसरला त्याच्या दुसऱ्या वर्षी मला खोकला लागला. रंजी तेव्हा दोन वर्षांची होती. संध्याकाळी अंग तापायचं, पदरातलं वजन उतरल्यासारखी मी हलकी होत चालले होते. आत्याबाई म्हणाल्या, "अंगात कडकी हाय. चार म्हैनं म्हायेरी जाऊन ये, पोरगी ऱ्हाऊ दे माज्यापाशी." कडकी म्हणजे अंगातली उष्णता, त्यात वाईट काही नव्हतं. मी गेले. माहेरी आठव्या दिवशी खोकताना ओच्यावर रक्त पडलं आणि माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ते माझ्याआधी बघितलं.

तो दिवस

आप्पा मला सांगलीच्या बाजूच्या छातीच्या दवाखान्यात घेऊन गेले. एस्टीत माझ्या शेजारी बसले होते, पण सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "हौसा, डोरलं आत घाल."

मला वाटलं, चोरांची भीती असेल. मी मंगळसूत्र चोळीच्या आत सारलं. खिडकीवरच्या माणसानं नाव विचारलं, तर आप्पांनी माझं माहेरचं नाव सांगितलं, पुढे स्वतःचं, पुढे आमचं आडनाव. त्या माणसानं विचारलं, "लग्न?" आप्पा म्हणाले, "न्हाई." त्यानं लिहिलं: कुमारी.

मी आप्पांकडे बघतच राहिले. माझी पोर तिकडे भाकरी कुस्करून खात असेल आणि मी इथे कुमारी! बाकावर बसल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "त्यांच्या गावची मानसं हितं लय येत्यात. नाव फुटलं तर दुसरी आणतील. तू गप ऱ्हा." मी गप्प राहिले. आज मला राग येतो तो आप्पांच्या 'न्हाई'चा नाही, माझ्या गप्प राहण्याचा.

फोटो काढला. डॉक्टरांनी आप्पांना आत बोलावलं, मला बाहेर ठेवलं. पाऊण तासानं आप्पा बाहेर आले ते हसतच. "छातीत जरा कफ साठलाय. दोन-चार म्हैनं हितं ऱ्हायाचं, सुया घ्यायच्या, दूध-अंडी खायाची. मजाच हाय की तुजी!" त्यांच्या हातात कागद होता. मी सातवी पास, इंग्रजीची अक्षरं ओळखता येत होती. कागद उलटा असूनही मला दोन अक्षरं दिसली, टी आणि बी. मी हात पुढे केला, तर शिपायानं मधूनच तो कागद काढून घेतला. म्हणाला, "पेशंटनं बघायचा नसतो."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की ते मला पाढ्यासारखं पाठ झालं.

वॉर्ड

दवाखान्यातला दिवस सुईनं सुरू व्हायचा. सुई घेतली की कानात रातकिडे ओरडायला लागायचे, ते अजूनही अधूनमधून ओरडतात. मग एक पुडी, तोंडात टाकली की पोटातलं सगळं वर यावं अशी. मग व्हरांड्यात खाटा ओढून पडून राहायचं. थुंकायला झाकणाचा डबा, ज्याचा त्याचा वेगळा. तो डबा आठवड्याला तपासायला जायचा आणि काय आलं ते सिस्टरच्या टेबलातल्या कागदावर लिहिलं जायचं. टेबलाला कुलूप असायचं. आम्ही बारा बाया कुलपाकडे बघत बसायचो.

माझ्या शेजारी जतकडची धोंडाबाई होती, मेंढरांमागे आयुष्य गेलेली. ती म्हणायची, "मेंढरू आजारी पडलं तर आमी त्याच्या डोळ्यात बघतो. ही मानसं कागदात बघत्यात." सिस्टर कुणाशी कशी बोलते त्यावरून आम्ही अंदाज बांधायचो. गोड बोलली की आम्ही घाबरायचो. रागावली की बरं वाटायचं, कारण मरणाऱ्यावर कोण कशाला रागावेल?

सिस्टर कर्नाटकाकडच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मला अंघोळ घालताना त्यांचा हात माझ्या पोटावर क्षणभर थांबला. बाळंतपणाच्या रेघा काही लपत नाहीत. त्यांनी पाणी ओतलं आणि विचारलं, "मूल किती वर्षाचं?"

मी रडायलाच लागले. म्हणाले, "दोन."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी. कुणाला सांगू नका."

"मला कोण विचारतंय की सांगायला?" म्हणाल्या, आणि त्यानंतर आठ महिन्यांत त्या एकदाही त्यावर बोलल्या नाहीत. फक्त रविवारी कुणाची पोरं भेटायला आली की मला आतल्या खोलीत पट्ट्या गुंडाळायला बसवायच्या. पोरांचे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून. हे माझ्या लक्षात यायला बरेच रविवार गेले.

आप्पा दर रविवारी यायचे. कधी भाकरी आणि शेंगांची चटणी, कधी मूठभर बेदाणे. येताना गावातल्या गमती घेऊन यायचे, कुणाचा बैल कुणाच्या रानात शिरला, कोण कुणाशी भांडलं. मला त्यांचा कधीकधी संताप यायचा. मी इथे रक्त ओकतेय आणि हे बैलाचं सांगतायत! माझ्या नवऱ्याची पत्रं माहेरच्या पत्त्यावर यायची, तीही ते आणून द्यायचे. पत्रावर सौ. सुनंदा असायचं, म्हणून ते धोतराच्या निरीत लपवून आणायचे. मी उत्तरात लिहायचे, कडकी कमी आहे, काळजी नसावी.

पाचव्या महिन्यात सिस्टरनं माझ्या खाटेजवळ येऊन कुणाचं लक्ष नाही असं बघितलं आणि बोटानं हवेत एक आडवी रेघ ओढली. आधी मला कळलं नाही. मग समजलं. थुंकीच्या तपासणीत अधिक, अधिक, अधिक असं येत होतं, ते उणे आलं, म्हणजे जंतू सापडले नाहीत. शाळेत उणे आलं की मास्तर छडी मारायचे. त्या दिवशी मी धोंडाबाईच्या गळ्यात पडले. धोंडाबाईचं उणे कधी आलं नाही. ती पावसाळ्याच्या तोंडाला गेली, तिचा कागद कुणी तिला दाखवला नाही, आणि दाखवून तिला वाचताही आला नसता. पण मी वाचून दाखवला असता.

दुसरं कार्ड

आठ महिन्यांनी घरी सोडलं. पुढे वर्षभर माहेरीच राहून गोळ्या घेतल्या, एकही दिवस चुकवला नाही. शेवटच्या तपासणीला जुने डॉक्टर म्हणाले, "संपलं. आता संसार कर." ते मला कुमारी समजत होते, म्हणून पुढे म्हणाले, "लग्न ठरलं की आधी आम्हाला विचार." नंतर त्यांची बदली झाली.

आप्पांनी मला सासरी आणून सोडलं. रंजी पावणेचार वर्षांची झाली होती. दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, पाहुणीकडे बघावं तशी. मी हात पुढे केले, तर आत्याबाईंनी तिला मागे ओढलं.

आत्याबाईंना दुष्ट समजू नका. त्यांच्या सख्ख्या बहिणीची दोन पोरं ह्याच रोगानं एका वर्षात गेली होती. कडकी दीड वर्ष टिकत नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. मला बाहेरच्या सोप्यात अंथरूण दिलं, वेगळं ताट दिलं. रंजीला लांबून बघायचं, हात लावायचा नाही. आठ दिवसांनी म्हणाल्या, "तुज्या बापाचं ऐकलं तेवडं बास झालं. म्या सोता तुला सांगलीला न्हेती. डाक्टर म्हनला बरी हाय, तर तुजी पोर तुला."

दवाखाना तोच. आमच्या भागात छातीचा फोटो काढायला दुसरीकडे कोण जातंय! त्याच खिडकीवर आत्याबाईंनी नाव सांगितलं, सुनंदा, पुढे त्यांच्या मुलाचं नाव, आडनाव. "आधी कधी आला होता?" "न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या परीनं ते खरंच होतं. नवं कार्ड झालं.

डॉक्टर नवीन होते, तरुण होते. त्यांनी फोटो बघितला आणि थांबले. उजव्या बाजूला वर डाग होता. मला विचारलं, "आधी कधी ह्याचा उपचार झालाय? जुना फोटो आहे? असेल तर सांगा, म्हणजे हा डाग जुना की नवा ते कळेल."

आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं. आप्पांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, 'नाव फुटलं तर दुसरी आणतील' आठवलं, आणि मी मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी पेन उघडलं. आठवड्यानं भरती, सुया नव्यानं, लहान मुलांपासून दूर ठेवणे. दुसऱ्याच दिवशी माझी नणंद कऱ्हाडहून आली आणि रंजीला घेऊन गेली. जाताना रंजीनं एस्टीच्या खिडकीतून आजीला हात केला, मला केला नाही. ह्यांना पत्र लिहायचं म्हणून आत्याबाई शाळेतल्या मास्तरांकडे गेल्या. तोपर्यंत त्यांची सगळी पत्रं मीच लिहीत आले होते.

रेकॉर्डवाले

आठवडाभराची मुदत होती. भरती झाले असते तर परत दीड वर्ष, परत कानात रातकिडे, आणि तोपर्यंत रंजी कऱ्हाडचीच झाली असती. नको असलेल्या औषधानं माणूस बहिरं होऊ शकतं हेही मी वॉर्डात बघितलं होतं. माझी सुटका त्या दवाखान्यातच एका कपाटात पडली होती. मी खोटं बोलून, माहेरी निरोप द्यायचा म्हणून, एकटी सांगलीला गेले.

रेकॉर्डच्या खोलीत एक पोक्त गृहस्थ होते. बाह्यांवर काळ्या कापडाच्या पिशव्या चढवलेल्या, टेबलावर सगळं काटकोनात. मी हौसाचं नाव सांगितलं. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, म्हणाले, "आहे. तुम्ही तिच्या कोण?"

"मीच ती."

त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं. "इथं सौ. सुनंदा लिहिलंय. ती कुमारी हौसा. गाव वेगळं, नाव वेगळं, बापाच्या जागी नवरा."

"लग्नात नाव बदलतात की हो."

"बदलतात. पण ती भरती झाली तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि तुम्हाला पावणेचार वर्षांची मुलगी आहे, असं तुमच्या कार्डावर आहे. हिशेब कसा लागायचा?"

मी चिडले. म्हणाले, "माझ्या छातीचा फोटो आहे, माझ्या थुंकीचं लिहिलंय, आणि मीच बघायचं नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "बाई, रागावू नका. मागच्याच महिन्यात एक जण आला होता, मी तिचा दीर म्हणाला, वहिनीचा कागद द्या. मी दिला नाही. दिला असता तर त्या वहिनीचं काय झालं असतं? उद्या तुमच्या सासरचं कुणी येऊन हौसाचा कागद मागेल. मी द्यावा का?"

हौसाचा कागद दीड वर्ष कुणाच्या हाती लागला नाही तो ह्या माणसामुळेच. माझी लाज त्यांनी कुलपात ठेवली होती आणि मीही त्याच कुलपात होते. शेवटी म्हणाले, "ज्यानं भरती केलं त्या माणसाला आणा. त्याचा अंगठा आहे इथं."

आप्पा

तशीच तासगावकडे गेले. आप्पा द्राक्षाच्या मांडवात बांधणी करत होते. मी सगळं सांगितलं. ते हातातली सुतळी गुंडाळत राहिले.

"ते कागूद भाईर आलं की सगळं उगडं पडतंय, हौसा."

"पडू दे."

"दीड वरीस म्या कसं झाकलंय तुला ठावं हाय का? तुजा संसार मोडू ने म्हणून..."

"आप्पा, संसार आहे कुठं? पोर कऱ्हाडला, मी सोप्यात. तुम्ही मला झाकता झाकता पुसूनच टाकलंत."

हे बोलायला नको होतं. आप्पा खाली बसले. मांडवाच्या सावलीत त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. मग उठले, टोपी घातली, म्हणाले, "चल. कवाची येस्टी हाय?"

रेकॉर्डवाल्यांनी त्यांना बघितलं, अंगठा बघितला आणि विचारलं, "मग तेव्हा कुमारी का लिहून दिलंत?" आप्पा म्हणाले, "भ्यालो हुतो, सायेब." सिस्टरही आल्या, म्हणाल्या, "हीच की हौसा, मी आठ महिने हिला सांभाळलंय." रेकॉर्डवाले विरघळल्यासारखे दिसले, पण हलले नाहीत. "सिस्टर, तुमच्या शब्दावर फाइल निघत नाही. आणि ह्यांनी एकदा खोटं लिहून दिलंय, आता त्याच अंगठ्यावर मी दुसरं कसं लिहू? सुनंदाचं कार्ड सासूबाईंनी काढलंय. त्या म्हणू देत की ही दोन नावं एकाच बाईची. मग मी फाइल स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो."

ज्या बाईपासून लपवलं, तिचीच साक्ष लागत होती. आप्पांना मी स्टँडवर सोडलं आणि सासरी परतले.

सांगणं

आत्याबाई परड्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी तीन हातांवर, उंबऱ्याशी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. रक्त, आप्पा, दवाखाना, सुया, उणे. त्या शेंगा फोडत राहिल्या. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे. क्षय हा शब्द मी उच्चारला तेव्हाही हात थांबला नाही. थांबला तो पुढे.

"काय लिवलं म्हनालीस?"

"कुमारी."

"म्हंजी लगीन न झाल्याली?"

"व्हय."

"माजा ल्योक तिकडं बर्फात हुबा हाय, आन् तुज्या बापानं त्येला कागदावनं उडवला? जित्या मानसाला?" मी रोगासाठी बोलणी खायच्या तयारीनं बसले होते. हा घाव मला कधी दिसलाच नव्हता. एवढ्या दिवसांत आम्ही बाप-लेकीनं फक्त आमचाच विचार केला होता.

मी म्हणाले, "रोगाचं सांगितलं असतं तर तुम्ही दुसरी केली असती. ती भीती होती."

आत्याबाई टरफलांत हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "केली बी आसती. ठावं न्हाई. आता खोटं कशाला बोलू?"

त्या उत्तरासाठी मी त्यांना आजही मानते. 'छे, असं कुठं असतं का' म्हणाल्या असत्या तर माझा विश्वास बसला नसता. मग त्या उठल्या, लुगडं झाडलं आणि म्हणाल्या, "उद्या सांगलीला जायाचं. आन् फोटू काय त्यो म्या सोता बघनार. कागूद तुजं, वाचनार बी तूच, मग मला कसं कळावं खरं वाचतीस का बनवतीस?"

हाड

डॉक्टरांनी दोन्ही फोटो दिव्याच्या पेटीवर शेजारीशेजारी लावले. रेकॉर्डवाले काखेत फाइल धरून दारात उभे होते. डॉक्टर म्हणाले, "हे खांद्याजवळचं हाड बघा. लहानपणी मोडलंय आणि वाकडं जुळलंय. दोन्ही फोटोंत अगदी तसंच."

मी सात वर्षांची असताना कडब्याच्या गंजीवरून पडले होते. गावातल्या माणसानं हाड बसवलं, ते जरा वरच राहिलं. मी ते विसरूनही गेले होते.

आत्याबाई उठल्या. आधी एका फोटोवर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मग मागे वळून माझा पदर बाजूला केला आणि माझ्या त्या उंचवट्यावर बोट ठेवलं. पंधरा दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला.

"ह्ये हाड माज्या वळकीचं हाय," त्या म्हणाल्या. "लग्नात हळद लावताना हाताला लागलं हुतं. तवाच म्या भावजयीला म्हनलं, पोरगी वाकडी दिली गं आपल्याला." सिस्टर हसायला लागल्या, डॉक्टर हसले, मला हसू आणि रडू एकदमच आलं.

डॉक्टरांनी मग डाग दाखवला. पहिल्या फोटोत लिंबाएवढा, दुसऱ्यात वाळून वाटाण्याएवढा. जुन्या फाइलीतली उणे-उणेची रांग वाचली. "हा व्रण आहे. रोग नाही. सुया नकोत, काही नको."

"लेकराला जवळ घेतलं तर चालंल?" हे मी विचारलं नाही. आत्याबाईंनी विचारलं.

"चालेल."

रेकॉर्डवाल्यांनी शाई पुढे केली. आत्याबाई म्हणाल्या, "आदी ती कुमारी खोडा." ते म्हणाले, "खोडता येत नाही, आजी. शेजारी लिहितो." त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: विवाहित, एक मुलगी, सासरचे नाव सुनंदा, सासूबाईंच्या सांगण्यावरून. आत्याबाईंनी मुलाचं नावही लिहायला लावलं, हुद्द्यासकट. मगच अंगठा उठवला.

मग रेकॉर्डवाल्यांनी ती फाइल माझ्या हातात दिली, दोन्ही फोटो तर घरीच न्या म्हणाले. बसून वाचा म्हणाले, स्टूलही दिलं. बरंच इंग्रजीत होतं, ते सिस्टरनं शेजारी उभं राहून सांगितलं. माझं वजन कसं वाढत गेलं, कोणत्या आठवड्यात ताप उतरला. माझंच आठ महिन्यांचं आयुष्य, आणि मला नवं. पहिल्याच पानावर भरतीच्या दिवशी जुन्या डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. सिस्टर वाचताना अडखळल्या. मी म्हणाले, सांगा.

"उजवी बाजू पार खराब. वाचेलच असे नाही. वडिलांना सांगितले आहे."

म्हणजे त्या दिवशी आप्पा पाऊण तासानं हसत बाहेर आले ते हे ऐकून. मजाच हाय की तुजी, म्हणाले होते. आणि आठ महिने दर रविवारी दुसऱ्याच्या बैलाच्या गोष्टी सांगत बसले. मी ते पान मिटलं. घरी जाताना आत्याबाईंना म्हणाले, आधी तासगावला जाऊ. त्या का म्हणून न विचारता आल्या. आप्पांनी त्यांना बघितल्यावर टोपी काढून हातात घेतली. आत्याबाईंनी बसून त्यांच्या घरचा चहा घेतला.

रंजी

म्हणून मी त्या बायांना सांगते. दवाखान्यात गेल्यावर खरं नाव सांगा, दोन असतील तर दोन्ही सांगा. आपला कागद मागा. नाही म्हणतील, परत मागा. घरच्यांनी झाकून ठेवलं असेल तर त्यांच्यावर ओरडण्याआधी तो कागद एकदा वाचा. मी ओरडले आधी आणि वाचलं नंतर. आप्पा आता नाहीत, आणि तेवढं एक माझ्या मनातून जात नाही.

दोन दिवसांनी नणंद रंजीला घेऊन आली. रंजी आजीच्या लुगड्याआड लपली. मी सोप्यात उभी होते, हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. तिनं डोकं बाहेर काढून विचारलं, "आजी, ही कोन हाय?"

"तुजी आय."

"हिचं नाव काय?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सुनंदा म्हणतील. त्या घरात दुसरं नाव कधी कुणी घेतलंच नव्हतं.

"हौसा," त्या म्हणाल्या, आणि पोरीला पाठीवर हात ठेवून माझ्याकडे ढकललं.